यो-योचं मॉडेल करताना आधी मधले १३ मिलिमीटर

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, चार वर्षं यो-यो खेळतात, आणि सुट्टीत फ्यूजन ३६० या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी स्वतःच्या यो-योचं मॉडेल केलंय. व्यास ५६ मिमी, रुंदी ४६ मिमी, ६०६१ ॲल्युमिनियम. तीन गोष्टी विचारल्या आहेत. तो किती वेळ फिरेल हे सॉफ्टवेअरवरून कळतं का, थ्रीडी प्रिंट काढून तो फेकता येईल का, आणि लेथवाल्याकडे जाताना काय घेऊन जायचं. सोबत मॉडेलचं मधोमध कापलेलं चित्र आहे.

चित्र मोठं करून बघितलं. बाहेरची रेषा खरंच चांगली आहे. कडेला वजन आहे, भिंत सरळ उतरते, बोटाला टोचेल असा कोपरा नाही. पण बेअरिंगच्या जागी तुम्ही १२.७ मिमीचा सरळ खड्डा दाखवलाय आणि त्यातून ४ मिमीचं भोक आरपार नेलंय. म्हणजे यो-योमधला सगळ्यात अवघड भाग अजून काढायचाच आहे. मी ११ वर्षं भोसरीच्या लेथवर माझे यो-यो करून घेतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ मॉडेलांत हीच अडचण असते. सगळे बाहेरून आत येतात. यो-यो आतून बाहेर काढायचा असतो.

जत्रेतली लाकडी चकरी आठवा. दोन चकत्या, मध्ये एक दांडी आणि दांडीला बांधलेली दोरी. आजच्या यो-योत दोरी दांडीला बांधलेली नसतेच, ती बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याभोवती सैल फास घालून बसते. कडं दोरीबरोबर थांबतं, यो-यो फिरत राहतो, आणि परत बोलवायचा तर दोरीची घडी गॅपमध्ये, म्हणजे दोन बाजूंमधल्या फटीत, सारून अडकवावी लागते, यालाच बाइंड म्हणतात. ही सगळी करामत कशावर उभी आहे? दोन अर्धुकं (यो-योचे दोन अर्धे भाग) एका ४ मिमीच्या स्क्रूने, म्हणजे अ‍ॅक्सलने, एकमेकांना धरून ठेवली आहेत, त्यावर. ती एकाच अक्षावर आली नाहीत तर बाहेरचा आकार कितीही देखणा असो, यो-यो हातात थरथरतो.

ही थरथर किती ते मोजून बघा. एक अर्धुक ३१ ग्रॅमचं धरा. त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून फक्त ०.०२ मिमी सरकलाय, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर त्याचं केंद्रोत्सारी बल साधारण ०.१७ न्यूटन येतं. म्हणजे १७ ग्रॅमचं वजन सेकंदाला ८३ वेळा दिशा बदलत बोटाला झटके देतंय. म्हणून दशांशाची दुसरी जागा इथे महत्त्वाची.

तर आधी मधला भाग. आजच्या बहुतेक यो-योंत ‘सी’ मापाचं बेअरिंग असतं: आतला व्यास ६.३५ मिमी, बाहेरचा १२.७, जाडी ४.७६. हे तीन आकडे तुमच्या फाइलीत पॅरामीटर म्हणून सगळ्यात आधी लिहा. फ्यूजनमध्ये चेंज पॅरामीटर्समध्ये जाऊन प्रत्येकाला नाव द्या आणि पुढची मापं या नावांवरून सूत्राने काढा. पुढे गॅप ०.१ ने बदलावासा वाटला (आणि तो वाटतोच) की एक आकडा बदलायचा, बाकीचं स्केच आपोआप सरकतं.

स्केच एका अर्धुकाच्या अर्ध्या छेदाचंच काढा, अक्षाभोवती ३६० अंश फिरवा, आणि दुसरं अर्धुक आरसा लावून घ्या. स्केचमधल्या सगळ्या निळ्या रेषा काळ्या होईपर्यंत, म्हणजे प्रत्येक रेषा मापाने बांधली जाईपर्यंत, रिव्हॉल्व्ह करू नका. निळी राहिलेली एखादी रेषा नंतर कधी हलली ते कळत नाही, आणि नेमकी तीच लेथवर जाते.

आता छेदात अक्षापासून बाहेर चला. पहिला येतो खुंट. बेअरिंगच्या आतल्या कड्यात जाणारा हा ६.३ मिमीचा गोल उंचवटा. दोन्ही अर्धुकांचे खुंट दोन बाजूंनी बेअरिंगमध्ये शिरतात, तेव्हा त्यांची एकत्र उंची बेअरिंगच्या जाडीपेक्षा कमीच हवी. मी प्रत्येकी २.२ मिमी ठेवतो. एकूण ४.४ होतात, बेअरिंग ४.७६ चं, मध्ये ०.३६ ची मोकळीक राहते. खुंट २.४ चे केलेत तर यो-यो आवळताना खुंटच एकमेकांवर टेकतात, बेअरिंग आवळलंच जात नाही, आणि ते सीटवर डुगडुगत राहतं. मॉडेलमध्ये ही चूक दिसत नाही, कारण स्क्रीनवर दोन वस्तू एकमेकांत घुसल्या तरी सॉफ्टवेअर गप्प असतं. त्यासाठी इन्स्पेक्टमधलं इंटरफिअरन्स चालवून बघा. बेअरिंग आणि अ‍ॅक्सल यांची साधी मॉडेलं बनवून असेंब्लीत ठेवलीत तरच त्याचा उपयोग.

खुंटाच्या पायाशी खांदा. बेअरिंग ज्यावर टेकतं ती पायरी. हा खांदा फक्त आतल्या कड्याला टेकला पाहिजे, बाहेरचं कडं पूर्ण मोकळं. म्हणून खांद्याचा व्यास ८ मिमीच्या आसपास ठेवायचा आणि त्याच्या बाहेर जमीन निदान ०.२५ मिमी खाली न्यायची. तुमच्या चित्रात सपाट तळ आहे. तसा यो-यो केलात तर बाहेरचं कडं तळाला घासेल आणि यो-यो फेकल्या फेकल्या वर येईल. बेअरिंगच्या भोवतीचा खड्डाही १२.७ चा नको, १३.२ चा करा.

गॅप इथेच ठरतो. खांदा भिंतीच्या पातळीपेक्षा ०.१५ मिमी आत असेल तर दोन बाजू मिळून ०.३० कमी होतात आणि गॅप ४.४६ मिमी येतो. बहुतेक खेळण्याजोग्या यो-योंचा गॅप ४.३ ते ४.६ च्या मध्ये असतो. पहिल्या डिझाइनला ४.४५ धरा. कमी ठेवलात तर दोरीचे चार थर पडलेल्या ट्रिकमध्ये यो-यो अचानक परत येतो. जास्त ठेवलात तर बाइंड घसरतो. दोरी जाड की बारीक, यावरही हे थोडं हलतं.

त्याच्या बाहेर रिस्पॉन्स पॅडची, म्हणजे बाइंडच्या वेळी दोरी पकडणाऱ्या गोल पट्टीची, खाच. सिलिकॉनचे १९ मिमीचे पॅड सगळीकडे मिळतात, पण पाकिटावरच्या आकड्यावर खाच काढू नका. चार पॅड विकत घ्या, व्हर्नियरने मोजा आणि मग काढा. पॅड भिंतीच्या बरोबरीत किंवा किंचित, ०.१ मिमीच्या आसपास, आत बसायला हवा. आणि खाचेच्या आतल्या कोपऱ्यांना ०.२ मिमीची तरी गोलाई ठेवा. लेथच्या इन्सर्टला, म्हणजे कापणाऱ्या टोकाला, नाकाची गोलाई असतेच. तुम्ही अगदी काटकोन काढलात तर टर्नर एकतर फोन करून विचारेल किंवा स्वतःच्या मनाने करेल. दुसरं जास्त वेळा होतं.

अ‍ॅक्सल म्हणजे एम ४ चा बिनडोक्याचा स्क्रू, ०.७ पिचचा, स्टेनलेस. १२ मिमी लांबीचा घ्या. भोक ३.३ मिमीचं आणि त्यात आटे. पण आटे खुंटाच्या तोंडापासून सुरू करू नका. पहिले दीड मिमी ४.०५ च्या सरळ भोकाचे ठेवा आणि आटे त्याच्या आत. याने दोन कामं होतात. अ‍ॅक्सलची मान त्या सरळ भागात धरली जाते, आणि आवळताना पहिला आटा वर उचलला जाऊन खुंटाचं तोंड फुगत नाही. यानंतरही प्रत्येक बाजूला चार मिमीच्या वर आटे पकडीत राहतात, तेवढे ॲल्युमिनियमला पुरतात. भोक आरपार नेऊ नका, आंधळं ठेवा. आटे पाडणाऱ्या टॅपच्या टोकासाठी तळाशी दोन-अडीच मिमी जादा खोली द्या, नाहीतर टॅप तळाला टेकून मोडतो.

खुंटाच्या व्यासाबद्दल सविस्तर सांगतो, कारण यात मी एक अख्खी बॅच घालवली आहे. माझ्या तिसऱ्या डिझाइनच्या ड्रॉइंगवर मी खुंटाला फक्त ६.३५ लिहिलं होतं, टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, काहीच नाही. टर्नरने सुंदर काम केलं, बारा यो-यो, बेअरिंग खुंटावर अंगठ्याने दाबून बसत होतं. मी खुश झालो आणि रंग व कठीण थर चढवण्यासाठी सगळे अ‍ॅनोडायझिंगला दिले. अ‍ॅनोडायझिंगचा थर अर्धा धातूच्या आत वाढतो आणि अर्धा बाहेर. थर १० मायक्रॉनचा असेल तर खुंटाचा व्यास सुमारे १० मायक्रॉनने वाढतो, कारण तो दोन्ही बाजूंनी वाढतो. रंगून आलेल्या यो-योत बेअरिंग दाबून बसवलं ते पुन्हा निघेना. पक्कडीने ओढलं तर बेअरिंगची पातळ झाकणी वाकली, दोरी बदलायची तर बेअरिंग खुंटावरच राहतं आणि दोन अर्धुकं सुटत नाहीत. मग मी १५०० नंबरचा पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून एकेक खुंट घासला. घासलेला खुंट गोल राहत नाही. बारातले तीन धड फिरले, नऊ थरथरले. सगळा दोष ड्रॉइंगमधल्या एका न लिहिलेल्या आकड्याचा. तेव्हापासून मी खुंट ६.३२ लिहितो, वर शून्य आणि खाली ०.०१, आणि शेजारी स्पष्ट लिहितो: ‘हे माप अ‍ॅनोडायझिंगच्या आधीचं’.

मधला भाग झाला की वजन. तुमचं लक्ष्य ६५ ग्रॅमचं आहे, ते योग्य आहे. आजचे बरेचसे धातूचे यो-यो ६२ ते ६८ च्या मधले असतात. त्यातून बेअरिंग आणि अ‍ॅक्सलचे मिळून साधारण साडेतीन ग्रॅम वजा करा. एका अर्धुकाला उरतात ३०.८ ग्रॅम. ६०६१ ची घनता २.७० आहे, म्हणून अर्धुकाचं आकारमान ११.४ घन सेंमी यायला हवं. प्रॉपर्टीजमध्ये मटेरियल नीट निवडा, नाहीतर फ्यूजन ते स्टील समजून चालतं आणि आकडा तिपटीने चुकतो. हेच मॉडेल ७०७५ या ॲल्युमिनियमच्या दुसऱ्या जातीत केलंत, जिची घनता २.८१ आहे, तर यो-यो ६७.५ ग्रॅमचा होतो. ७०७५ मजबूत आहे, पातळ कड ठेवता येते, पण पहिल्या डिझाइनला ६०६१ च घ्या. ती स्वस्त आहे, सहज मिळते, अ‍ॅनोडायझिंगला सरळ रंग घेते, आणि चुकलेला तुकडा टाकून देताना जीव तुटत नाही.

वजन कमी-जास्त करायचं तर हात कुठे लावायचा? २७ मिमी त्रिज्येवरच्या ८ मिमी रुंद कडेची जाडी ०.१ मिमीने कमी केली तर एका अर्धुकातून ०.३७ ग्रॅम जातात, दोन मिळून पाऊण ग्रॅम. म्हणजे स्केचमध्ये जी रेषा तुम्ही माउसने सहज ओढता तिचा दहावा मिलिमीटर खेळणाऱ्याच्या हाताला कळतो.

आता पहिला प्रश्न, किती वेळ फिरेल. सॉफ्टवेअर मिनिटं सांगत नाही. बेअरिंगचं घर्षण, दोरीचा भिंतीशी रगडा, हवा, आणि सगळ्यात जास्त तुमचा थ्रो, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. ते सांगतं जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरण्यातला बदल यो-यो किती रोखतो ते, आणि तोच आकडा तुम्हाला हवा आहे. तो त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. अक्षापासून १० मिमीवर बसलेला एक ग्रॅम १०० ग्रॅम-वर्ग मिमी देतो. तोच ग्रॅम २६ मिमीवर नेलात तर ६७६. म्हणून खुंटामागचं मांस खरवडून कडेला द्यायचं असतं. आकडा वाचताना फिरण्याच्या अक्षाभोवतीचा घ्या. प्रॉपर्टीजमध्ये तीन अक्षांचे आकडे येतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो.

तुलनेला एक सोपा आकडा देतो. ६५ ग्रॅम आणि ५६ मिमीची भरीव सपाट चकती घेतली तर तिचं जडत्वाघूर्ण अर्धा गुणिले ६५ गुणिले २८ चा वर्ग, म्हणजे सुमारे २५,५०० येतं. तुमच्या मॉडेलचा आकडा याच्या खाली आला तर वजन पोटात साचलंय. माझा ज्यावर मी रोज खेळतो तो यो-यो ३०,००० च्या जवळ आहे. याहून बराच वर नेता येतो, पण मग यो-यो सुरू करायला आणि दिशा बदलायला जड होतो. खेळताना मनगट थकतं. जास्तीत जास्त जडत्व हे ध्येय नाही. तुम्ही सावकाश लांब कॉम्बो खेळता की झटपट, त्यावर हा आकडा ठरवायचा.

यासाठी मी प्रत्येकाला एक गृहपाठ देतो, तो टाळू नका. तुमच्या आवडीचा, रोजच्या खेळातला यो-यो घ्या, खोला, व्हर्नियर आणि त्रिज्या-गेजने मोजून त्याचंच मॉडेल करा. मग मॉडेलचं वजन आणि सोनाराच्या काट्यावरचं खरं वजन ताडून बघा. अर्ध्या ग्रॅमच्या आत आलं तर तुमचं मोजणं आणि मॉडेलिंग दोन्ही बरोबर. आता त्या मॉडेलचा जडत्वाचा आकडा तुमच्या बोटांना आधीच ठाऊक आहे. नवीन डिझाइनचा आकडा त्याच्या शेजारी ठेवलात की ‘याहून थोडा स्थिर, थोडा मंद’ असं वाचता येतं. हे शिकण्यापुरतं, दुसऱ्याचा आकार उतरवून विकायचा नाही.

सॉफ्टवेअर कोणतं यात फार गुंतू नका. फ्यूजनच्या मोफत वैयक्तिक परवान्यात एका वेळी १० फाइलीच संपादनासाठी खुल्या राहतात, यो-योला त्या पुरतात. ऑनशेप ब्राउझरमध्येच चालतं, पण मोफत खात्यातली डिझाइनं सगळ्यांना दिसतात. फ्रीकॅड पूर्ण खुलं आहे आणि २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आल्यापासून मी दोन डिझाइनं त्यातच केली. एकच काळजी सगळीकडे सारखी: बाहेरची रेषा रेषाखंड आणि वर्तुळाच्या कमानींनीच काढा, मुक्त वळणाच्या स्प्लाइनने नको. लेथच्या प्रोग्रामला सरळ रेषा आणि कमान थेट कळते. स्प्लाइनचे बारीक तुकडे पडतात, आणि अ‍ॅनोडायझिंगनंतर उजेडात त्या तुकड्यांचे पट्टे भिंतीवर दिसतात. दोन कमानी जिथे भेटतात तिथे स्पर्शिकेचं बंधन घाला.

दुसरा प्रश्न, थ्रीडी प्रिंट. दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे प्रिंट काढा.

पहिला प्रिंट फक्त हाताला दाखवायला. पीएलए या प्रिंटच्या प्लास्टिकमध्ये, बेअरिंगबिअरिंग काही नाही, दोन अर्धुकं चिकटवून. तो खिशात घालून आठवडाभर फिरा. बसमध्ये, लेक्चरला, झोपताना हातात धरा. ४६ मिमीची रुंदी स्क्रीनवर शोभते; पंज्यात झेलताना करंगळीच्या बाजूला ती जादा वाटते का ते हातच सांगतो. मी एकदा ४४, ४५ आणि ४६ असे तीन प्रिंट काढून माझ्या क्लबमधल्या पोरांना डोळे मिटून धरायला दिले, सगळ्यांनी ४५ चा निवडला. ते डिझाइन मी त्याच दिवशी बदललं.

दुसरा प्रिंट फेकायला, आणि इथे सावध राहा. अख्खं अर्धुक प्लास्टिकमध्ये छापून त्यात आटे पाडू नका. पीएलएमधले आटे जोरदार थ्रोला उपटून येतात आणि अर्धुक चेहऱ्याकडे उडतं. मी असं करतो: मधला भाग, म्हणजे खुंट, खांदा, पॅडची खाच आणि आटे, यांचा २२ मिमीचा ॲल्युमिनियमचा हब लेथवर एकदाच करून घेतलाय, त्याची एक जोडी. त्याच्या पाठीवर १२० अंशांवर एम २ ची तीन भोकं आहेत. प्रिंट फक्त भिंतीचा आणि कडेचा, तो हबवर मागून तीन स्क्रूंनी आवळायचा. मधले मायक्रॉन धातू सांभाळतो, आकार प्लास्टिक सांभाळतं. सहा वर्षांत त्याच हबच्या जोडीवर मी चाळीसच्या वर कवचं छापून फेकली आहेत. तुम्हीही लेथवाल्याकडे पहिलं काम हबचंच न्या. छोटा जॉब आहे, आणि त्यातून तुम्हाला त्याच्या हाताची आणि त्याला तुमच्या ड्रॉइंगची ओळख होते.

प्रिंट हलका असतो हे विसरू नका. तुमचं २२.८ घन सेंमीचं मॉडेल शंभर टक्के भरून पीएलएमध्ये छापलं तरी २८ ग्रॅमच भरतं. वजन आणायला कडेत एम ५ च्या नटांचे कप्पे काढा. एक नट साधारण सव्वा ग्रॅमचा. कप्प्याचं तोंड वाटीच्या (अर्धुकाच्या बाहेरच्या पोकळ भागाच्या) आतल्या बाजूला उघडायचं, बाहेर परिघाकडे कधीच नाही, म्हणजे फिरताना नट भिंतीवर दाबला जातो, सुटून उडत नाही. नट काट्यावर तोलून समोरासमोर सारख्या वजनाचे बसवा, वर इपॉक्सी भरा. आणि चष्मा लावल्याशिवाय फेकू नका. घरात लहान मूल असेल तर गच्चीवर जा.

प्रिंटवरून काय कळतं? भिंतीचा उतार, दोरी कुठे घासते, बाइंड कसा बसतो, रुंदीमुळे झेल सुधारतो का. थरथर आणि फिरण्याचा वेळ यावरून ठरवू नका, तिथे प्रिंट फसवतो.

मध्ये एक पायरी आणखी आहे, डेलरिन नावाचं कडक प्लास्टिक. घनता १.४१, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, आटेही बरे धरतं. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या साध्या लेथवर सरांच्या देखरेखीखाली एक जोडी काढता आली तर जरूर काढा. तुमचं डिझाइन ३५ ग्रॅमच्या आसपास येईल, हलकं. पण टूल वाटीच्या आत कुठवर पोचतं, कोणता कोपरा त्याला जमत नाही, हे स्वतःच्या हाताने कळतं. स्क्रीनवर ते कळत नाही.

तिसरा प्रश्न, लेथवाला. सोबत दोन गोष्टी न्या. स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) आणि एका कागदावरचं ड्रॉइंग, छेदासह. टॉलरन्स सगळीकडे लिहू नका, सगळीकडे ०.०१ दिसलं की भाव चढतो आणि कुणी मनावरही घेत नाही. मी चार ठिकाणीच लिहितो. खुंटाचा व्यास, वर सांगितला तसा. खांद्याची खोली, अधिक-उणे ०.०२. खुंट आणि आट्यांचा अक्ष एक, ०.०१५ च्या आत. खांदा अक्षाला काटकोनात. बाहेरचा व्यास अधिक-उणे ०.१ चालतो, कुणाला कळतसुद्धा नाही.

तोंडी एक गोष्ट आवर्जून सांगा: खुंट, खांदा, पॅडची खाच, भिंत, भोक आणि आटे, हे सगळं एकाच सेटिंगमध्ये, जॉब चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, न काढता. जॉब काढून परत लावला की अक्ष हलतो आणि तो परत मिळत नाही. त्यानंतर जॉब उलटून वाटीची बाजू. तेव्हा सॉफ्ट जॉ, म्हणजे चकचे मऊ जबडे, यो-योच्या व्यासाला बोअर करून घ्यायला लावा आणि दाब कमी ठेवायला सांगा. कड पातळ असते. कडक तीन जॉच्या दाबाखाली ती किंचित तिकोनी होते, त्या अवस्थेत आतून गोल कापली जाते, आणि चक सोडला की ती परत उलटी तिकोनी होऊन बसते. डायल गेज लावून फिरवली की काटा एका फेरीत तीनदा हलतो. हे दिसलं तर समजायचं.

खर्चाचं गणित लोक चुकीचं धरतात. ६० मिमीच्या बारचा २५ मिमीचा तुकडा १९१ ग्रॅमचा असतो आणि त्यातून ३१ ग्रॅमचं अर्धुक निघतं, बाकी सगळा कीस. तरी पैसे धातूचे जात नाहीत. ते सेटिंग आणि प्रोग्रामच्या वेळेचे जातात. म्हणून एक जोडी आणि पाच जोड्या यांच्या बिलात पाचपटीचा फरक नसतो. पहिल्या वेळी दोन जोड्या सांगा. चार अर्धुकं हाताशी असली की तपासणी करता येते. एका जोडीत नाही येत.

तपासणी अशी. चारही अर्धुकांना पॅडच्या खाचेत सुईने क्रमांक कोरा. प्रत्येक काट्यावर तोला, आपसात ०.१ ग्रॅमच्या आत हवीत. मग एक नवं बेअरिंग आणि एक नवा अ‍ॅक्सल घेऊन १-२ जोडा, जोरात खाली फेका, फिरत्या यो-योच्या कडेला नखाचा हलका स्पर्श करा. गुळगुळीत लागतंय की टकटक? नंतर १-३, १-४, २-३ अशा सगळ्या जोड्या लावून बघा आणि वहीत लिहा. १ असलेली प्रत्येक जोडी थरथरत असेल तर दोष १ मध्ये आहे. सगळ्याच थरथरत असतील तर आधी अ‍ॅक्सल बदला. वाकडा अ‍ॅक्सल मी कितीदा तरी पाहिलाय आणि त्यापायी चांगली अर्धुकं बाजूला टाकणारे लोकही पाहिले आहेत.

स्टीलच्या कड्या बसवलेला यो-यो करायचाही तुमचा विचार आहे, तो दुसऱ्या डिझाइनला ठेवा. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळे कडेला वजन सहज जातं हे खरं. पण कडी दाबून बसवताना ०.०३ मिमीचा फरक अर्धुक वाकडं करायला पुरतो. आधी एका धातूत खुंट जमू द्या.

रंगाची घाई करू नका. पहिल्या दोन जोड्या कच्च्याच, पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या, दोन आठवडे खेळा. पॅड जरा झिजले की बाइंड बदलतो, गॅप खरा कळतो. मग पॅरामीटरच्या तक्त्यात जाऊन जे एक-दोन आकडे बदलायचे ते बदला, पुन्हा जोडी काढा, आणि ती पटली तरच अ‍ॅनोडायझिंगला द्या. देताना बीड ब्लास्टिंग (बारीक मण्यांचा मारा करून मंद फिनिश) हवं असेल तर खुंट आणि आटे झाकायला सांगा. ब्लास्टिंगचा मारा खुंटावर बसला की त्याची गोलाई जाते.

मधला भाग काढून झाला की छेदाचं चित्र पुन्हा टाका, खांदा, खुंटाची उंची आणि आट्यांची सुरुवात यांची मापं लिहून. आणि पॅड प्रत्यक्ष मोजून किती भरले तेही लिहा, खाच मी त्यावरून तपासून देतो.